सन्मानाने जगायला किती लागते?

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये आपली दारिद्र्यरेषा दरडोई दररोज ३ डॉलरच्या क्रयशक्तीइतकी वर नेली, आणि या नव्या रेषेने मोजले तरी २०२२-२३ मध्ये भारतातील ५.३ टक्केच लोक तिच्याखाली होते, असे जाहीर केले. मागील अंकात आम्ही या आकड्याची नोंद घेतल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. रेषेच्या वर आलेल्या माणसाचे जगणे कसे असावे आणि ते कोणी ठरवावे, हा त्यांतील बहुतेकांचा प्रश्न आहे. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात हिशेबनीस होतो. तेथील कंत्राटी कामगाराच्या हाती पीएफ वजा जाता महिन्याला १४,००० रुपये पडतात. घरी चौघे. कोणत्याही सरकारी रेषेने हा माणूस गरीब ठरत नाही, तरी वीस तारीख उलटली की तो उचल मागायला येतो. व्यसन नाही, उधळपट्टी नाही. मग चूक रेषेची, की त्याच्या खर्चाची? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्या कामगाराचा खर्च चुकीचा आहे असे मला वाटत नाही. रेषा मात्र कोणत्या कामासाठी आखली गेली आणि ती आखताना काय काय बाहेर ठेवले गेले, हे पाहिल्याशिवाय तिच्यावरून कोणाचा निवाडा करता येणार नाही, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

आपल्याकडे ही मोजणी सुरू झाली ती तुरुंगातील शिध्यापासून. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात कैद्याला मिळणाऱ्या अन्नवस्त्राचा खर्च काढला आणि चांगल्या पावसाच्या वर्षीही देशाचे उत्पन्न प्रत्येकाला तेवढे देण्यास जेमतेम पुरत नाही, हे दाखवून दिले. पुढे १९२३ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने शहरातील कामगारांच्या घरखर्चाची पाहणी प्रसिद्ध केली. तीत कामगाराच्या ताटातील अन्न तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या अन्नापेक्षा कमी असल्याची नोंद आहे. ज्या देशात मोजपट्टी एवढ्या खालून सुरू करावी लागली, तेथे पहिली रेषा पोटापुरतीच असणार हे समजण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या एका कार्यगटाने, ज्यात धनंजयराव गाडगीळ आणि अण्णासाहेब सहस्रबुद्धे हेही होते, १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये ही किमान पातळी सुचवली. या २० रुपयांत शिक्षण आणि आरोग्य धरलेले नव्हते, कारण या दोन्ही गोष्टी राज्यघटनेच्या अपेक्षेप्रमाणे सरकार पुरवील असे त्या मंडळींनी गृहीत धरले होते. हे गृहीतक माझ्या दृष्टीने साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दररोज २,२५० उष्मांकांच्या आधारावर आपली प्रसिद्ध मोजणी मांडली. १९७९ च्या कार्यदलाने गावासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक धरून १९७३-७४ च्या किमतींनुसार अनुक्रमे ४९.०९ आणि ५६.६४ रुपये अशी रेषा आखली. आणि पुढे तीन दशके मुख्यतः याच रेषेला महागाईची जोड देत सारा कारभार चालला. या काळात इंग्रजी शाळा आल्या, शिकवण्या आल्या, खासगी दवाखाने आले आणि सरकारी दवाखान्यातही बाहेरून औषधे आणायला सांगण्याची रीत पडली. सरकार पुरवील म्हणून जे खर्च रेषेबाहेर ठेवले होते, ते लोकांच्या खिशावर येऊन पडले. रेषा मात्र ते बाहेर ठेवूनच पुढे सरकत राहिली.

सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडून शाळा आणि औषधपाणी यांवरील प्रत्यक्ष खर्च हिशेबात घेतला, ही सुधारणा खरीच होती. तरीही त्या पद्धतीने महाराष्ट्राच्या शहरी भागासाठी २०११-१२ ची रेषा निघाली ती दरडोई दरमहा १,१२६ रुपये. चौघांचे कुटुंब धरले तर ४,५०४ रुपये. महागाईसाठी ही रक्कम दुप्पट केली तरी ९,००० च्या आसपास. आपल्या कामगाराचे १४,००० रुपये या हिशेबात ऐसपैस दिसतात ते यामुळे. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ आणि गावासाठी २६ रुपये असे प्रतिज्ञापत्र दिले आणि देशभर संताप उसळला, तो या तफावतीमुळेच. त्यानंतर नेमलेल्या रंगराजन समितीने २०१४ मध्ये रेषा ४७ आणि ३२ रुपयांवर नेली आणि देशातील गरिबांचे प्रमाण २१.९ वरून २९.५ टक्क्यांवर गेले. माणसे तीच, वर्ष तेच; मोजपट्टी काही रुपयांनी वर सरकताच कोट्यवधी लोक तिच्याखाली आले, यावरून रेषेच्या लगेच वर किती दाटी आहे ते लक्षात यावे.

आता दुसरी मोजपट्टी पाहू, जी आपल्या कामगाराला अधिक लागू आहे आणि जिची आठवण दारिद्र्याच्या चर्चेत फारशी कोणी ठेवत नाही. सरकारनेच नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने १९४९ मध्ये वेतनाच्या खालून वर जाणाऱ्या तीन पायऱ्या सांगितल्या : किमान वेतन, न्याय्य वेतन आणि निर्वाह वेतन. त्यांतील सर्वांत खालच्या पायरीवरही केवळ जीव जगवण्याची सोय पुरेशी नाही, तर काही शिक्षण, औषधोपचार आणि थोड्या सुखसोयी यांचीही तरतूद हवी, असे समितीचे मत होते. राज्यघटनेचा अनुच्छेद ४३ तर याच्याही पुढे जाऊन राज्याने कामगारांना समुचित जीवनमान, फुरसत आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी मिळतील असे प्रयत्न करावेत, असे सांगतो. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने याचे आकड्यांत रूपांतर केले : एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग एकके (एका प्रौढ कामगाराची गरज म्हणजे एक एकक), प्रत्येक एककास २,७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ यार्ड कापड, सरकारी औद्योगिक घरयोजनेतील किमान भाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वेतनाचा २० टक्के भाग. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात यात आणखी २५ टक्के भर घातली, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभांसह किमान करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी.

केंद्राने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये नव्याने हिशेब केला. जुलै २०१८ च्या किमतींनुसार किमान वेतन दिवसाला ३७५ म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये असावे आणि शहरात घरभाड्यासाठी वर १,४३० रुपये द्यावेत, अशी तिची शिफारस होती. बेरीज ११,१८० रुपये. महागाई वर्षाला सरासरी ५ टक्के धरली तर सात वर्षांत ही रक्कम साडेपंधरा हजारांच्या पुढे जाते. म्हणजे ज्याला कोणतीही रेषा गरीब म्हणत नाही, तो आपला कामगार सरकारच्याच तज्ज्ञ समितीने सांगितलेल्या किमान वेतनाच्या खाली आहे. आणि किमान वेतन ही तीन पायऱ्यांतील पहिलीच पायरी. शिफारस आली त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय तळवेतन, म्हणजे देशभरातील किमान वेतनाचा खालचा दर, दिवसाला १७६ वरून वाढवून केवळ १७८ रुपये केले, ही गोष्ट मला आजही अतिशय लागते.

या सूत्रांतही उणिवा आहेत. १९५७ च्या तीन एककांत कामगार एक, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६ असा हिशेब आहे. आई-वडील त्यात नाहीत. वेतन संहिता या केंद्रीय कायद्याच्या २०२० मधील नियमांच्या मसुद्यात घरभाडे अन्न आणि कापड यांवरील खर्चाच्या १० टक्के धरले आहे. अन्न आणि कापडावर ९,००० रुपये जात असतील तर भाड्याला ९०० रुपये. नाशिकमध्ये एवढ्या पैशांत चौघांना राहण्याजोगी खोली मिळत नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. कामगार विसाव्या तारखेला उचल मागतो तेव्हा तो बहुधा भाड्यातला हाच फरक आणि गावाकडे आई-वडिलांना पाठवलेले पैसे भरून काढत असतो.

आपण विचारले नाही, तरी माझे मत सांगतो. महिना पार पाडण्यासाठी मुलाची फी, कोणाची नेहमीची गोळी किंवा ताटातील डाळ यांपैकी काही थांबवावे लागू नये, आणि घरात एक आजारपण आले म्हणून व्याजाने पैसे काढावे लागू नयेत, एवढी तरी पातळी सन्माननीय जगण्याची मानली पाहिजे. तीत चैनीचे काही नाही.

प्रश्न : मोबाइलचा रिचार्ज, लग्नातला आहेर, शाळेची सहल, मुलाच्या वाढदिवसाचा केक हे सारे गरजांत धरायला लागलो तर यादीला अंत राहणार नाही. गरज कोठे संपते आणि चैन कोठे सुरू होते, हे ठरवणार कोण? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ज्यांना त्या पैशांत घर चालवायचे आहे त्यांनीच हे ठरवावे, आणि त्यांनी ठरवले तर यादीला अंत राहत नाही ही भीती खरी ठरत नाही, असा माझा अनुभव आहे.

सोलापुरात विडी वळणाऱ्या महिलांच्या एका बैठकीत मी अशी यादी तयार होताना ऐकली आहे. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल, शेंगा, चहा-साखर, गॅस, साबण ही नावे कोणी हरकत न घेता फळ्यावर गेली. रिचार्जलाही विरोध झाला नाही, कारण मुलांच्या शाळेच्या सूचना आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि बँकेचा ओटीपी फोनशिवाय मिळत नाही. केक मात्र बायकांनी आपण होऊन खोडला. शिरा करू, त्यात काय, असे म्हणून पुढे गेल्या. शाळेची सहल राहिली, कारण वर्गात मागे राहिलेल्या दोघा-तिघांत आपले पोर असू नये, यावर सगळ्यांचे एकमत होते. खरा वाद झाला आहेरावर. एका तरुण मुलीचे म्हणणे होते की ही रीतच बंद केली पाहिजे, तिच्यापायी बचत गटाचे हप्ते थकतात. तिला एका वयस्क बाईंनी उत्तर दिले : यजमानांना मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले तेव्हा ज्या घरांनी दार उघडून पैसे दिले, ती सगळी आपण ज्यांच्या कार्यात उभ्या राहिलो होतो तीच घरे होती, ज्या दारात जाणे-येणे तुटले, तिथे रात्री कोणत्या तोंडाने जायचे? शेवटी वर्षातून सहा प्रसंग, प्रत्येकी १०१ रुपये, असे ठरवून आहेर लिहिला गेला. फ्रीजवर एकमत होईना. तेव्हा एकीने सांगितले की तिच्या सासूचे इन्सुलिन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील फ्रीजमध्ये ठेवावे लागते आणि दुकान रात्री नऊला बंद होते. त्यानंतर फ्रीजपुढे खूण करून कंसात ‘घरात रोज इंजेक्शन असेल तर’ असे लिहिण्यात आले.

या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे की प्रत्येक वस्तूमागे कारण सांगावे लागत होते आणि ते कारण दुसऱ्या घरालाही पटावे लागत होते. घरात बसलेला अर्थतज्ज्ञ आहेराला सहज चैन म्हणेल. त्याच्याकडे आरोग्य विमा असतो आणि बँक त्याला कर्ज देते. ज्या घराकडे यांतील काहीच नाही, त्याच्यासाठी तो संबंध हाच विमा आहे. फ्रीजसाठी तर नरसिंह राव आणि जिहून मिन या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या सन्माननीय जगण्याच्या भौतिक गरजांच्या यादीत अन्न थंड ठेवण्याची सोय ही जगभर लागू होणारी गरज म्हणून धरली आहे.

हा विचार काही आजचा नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले होते की त्याच्या काळच्या युरोपच्या बहुतेक भागांत लिननचा सदरा नसेल तर रोजंदारीवरच्या माणसालाही चारचौघांत यायची लाज वाटेल, म्हणून तो सदरा गरजेतच मोडतो. आणि दादाभाईंनी तुरुंगाच्या शिध्याचा हिशेब मांडला तेव्हा त्या शिध्यात काय येत नाही तेही त्यांनी बजावून सांगितले होते : लहानसहान सुखे, सामाजिक आणि धार्मिक गरजा, आनंदाच्या आणि दुःखाच्या प्रसंगांचे खर्च आणि दुष्काळी वर्षासाठी गाठीला ठेवायची शिल्लक. त्या उरलेल्या रकान्याला दीडशे वर्षांनंतरही आपण चैन म्हणत राहिलो तर आपली अपेक्षा कैद्याच्या शिध्यापुढे गेलेली नाही असाच त्याचा अर्थ होईल, आणि तसे कोणाही सुजाण माणसाला वाटत नसावे.

प्रश्न : आमच्या गावात घरभाडे नाही, भात घरचा, नारळ परसातला, सरपण रानातले. सरकारही गावासाठी कमी रक्कम धरते. मग सन्मानाने जगण्याचा खर्चही गावात कमीच धरायला हवा, नाही का? आणि नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाविषयी आपले काय मत आहे? (एक वाचक, ता. चिपळूण)

उत्तर : काही बाबतीत होय; भाड्याचा मोठा भाग वाचतो हे निर्विवाद आहे. परंतु गावातला खर्च कमी दिसतो त्याचे एक कारण असे की जी सोय गावात मिळतच नाही, तिच्यावरचा खर्च वहीत येत नाही. अंगावर काढलेल्या दुखण्याचा औषधखर्च शून्य असतो. बारावीनंतर कॉलेज लांब म्हणून घरी बसलेल्या मुलीचा शिक्षणखर्चही शून्यच असतो. तेंडुलकर आणि रंगराजन या दोन्ही पद्धतींनी शिक्षण, आरोग्य, प्रवास यांसाठी लोक प्रत्यक्षात जो खर्च करतात त्याचाच आधार घेतला, त्यामुळे न मिळालेली सेवा त्यांच्या आकड्यांत बचतीसारखी दिसते. मला ही त्या पद्धतींची सर्वांत गंभीर उणीव वाटते.

२०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार ग्रामीण भागात दरडोई दरमहा सरासरी ४,१२२ आणि शहरात ६,९९६ रुपये खर्च होतो. गावातील सर्वांत तळाच्या ५ टक्के लोकांचा आकडा १,६७७ रुपये आहे. अन्नाखेरीज इतर खर्चांत प्रवासाचा वाटा गावातही सर्वांत मोठा आहे. कोकणातील वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही : शेवटची एसटी चुकली की रिक्षा सांगावी लागते, आणि तालुक्याच्या डॉक्टरची फी परवडली तरी त्या दिवसाची मजुरी आणि जाण्या-येण्याचे भाडे मिळून तिच्याहून अधिक होते. चैत्र-वैशाखात विहिरी आटल्यावर विकतचे पाणी घेणाऱ्या वाड्यांचा तर प्रश्नच वेगळा. गावासाठी वेगळी यादी अवश्य करावी. ती शहराच्या यादीतून भाडे वजा करून मात्र होणार नाही.

नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाविषयीही आपण विचारले आहे. पोषण, शाळा, पाणी, शौचालय, बँक खाते अशा १२ निकषांवर मोजणी करणाऱ्या या निर्देशांकानुसार गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मधील २४.८५ वरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. पैशांपलीकडे पाहणारी ही मोजणी उपयुक्त आहे, पण तिचेही निकष तळाचेच आहेत. घरातील एका जरी व्यक्तीची सहा वर्षांची शाळा पूर्ण झाली असेल तर ते घर शिक्षणाच्या त्या निकषावर वंचित मानले जात नाही. सहावी शिकलेल्या मुलाला आज कोणते काम मिळते, हे आपण गावात पाहतच असाल.

प्रश्न : मी बरीच वर्षे लेस्टरमध्ये राहते. येथे काही कंपन्या सरकारी किमान वेतनापेक्षा जास्त असे ‘रिअल लिव्हिंग वेज’ देतात. हा आकडा कसा काढतात आणि भारतात तसे करता येईल का? (एक वाचक, लेस्टर, ब्रिटन)

उत्तर : त्या आकड्याचा पाया आपल्या शेजारच्याच लफबरो विद्यापीठात घातला जातो. २००८ पासून तेथील संशोधक जोसेफ राउंट्री फाउंडेशन या गरिबीवर काम करणाऱ्या संस्थेच्या पाठबळावर सर्वसामान्य नागरिकांचे गट बोलावतात आणि वेगवेगळ्या प्रकारच्या कुटुंबांना, एकट्या वृद्धापासून दोन मुलांच्या दांपत्यापर्यंत, समाजात वावरण्यासाठी काय काय लागते याची वस्तुवार यादी त्यांच्याकडून करून घेतात. आहारतज्ज्ञ पोषण तपासतात आणि संशोधक वस्तूंच्या किमती काढतात, पण यादीवर अखेरचा शब्द नागरिकांचा असतो. त्या आधारे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला ऐच्छिक दर तासाला १२.६० पौंड, लंडनसाठी १३.८५ पौंड होता; त्या वेळी २१ वर्षांवरील कामगारांसाठी कायद्याने बंधनकारक दर ११.४४ पौंड होता.

भारतात ही रीत जशीच्या तशी आणून चालणार नाही, कारण तेथील यादीत दवाखान्याचा खर्च जवळजवळ नाही, तो सरकारी आरोग्यसेवा उचलते. आपल्याकडे २०२१-२२ मध्येही एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. तेथील आकडे रुपयांत बदलून तुलना करणेही म्हणून निरर्थक आहे. नागरिकांना बसवून यादी करण्याची रीत मात्र अवश्य घ्यावी. तिला फार पैसा लागत नाही.

प्रश्न : अशी वरची रेषा सरकारने मान्य केली तर आमच्यासारख्यांचे रेशन बंद होईल, अशी भीती वाटते. (एक वाचक, बीड)

उत्तर : भीती समजते, परंतु दोन रेषांची कामे वेगळी आहेत. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळ्या शिधापत्रिकेसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये आहे; अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य कुटुंबांसाठी ती गावात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठरवली गेली. कोणाला आधी धान्य द्यायचे, हे ठरवण्यापुरत्या या मर्यादा आहेत. सन्माननीय जगण्याची पातळी लिहून काढली तर तिचा उपयोग वेतन, पेन्शन आणि पीककर्जाची मर्यादा ठरवताना व्हावा, आणि वर्षाला १५,००० ही मर्यादा किती जुनी झाली आहे हेही तिच्यामुळेच दाखवता येईल. रेशन काढून घेण्यासाठी तिचा आधार घेणे मुळातच तर्काला धरून होणार नाही, कारण तिच्याखाली आजच्यापेक्षा अधिक कुटुंबे येतील.

प्रश्न : आमचा महिलांचा बचत गट आहे. आम्ही स्वतः आमच्या भागासाठी असा हिशेब काढू शकतो का? कोठून सुरुवात करावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अवश्य काढा. एखाद्या प्रत्यक्ष घराचा खर्च मांडू नका, नाहीतर चर्चा त्या घराच्या सवयींवर घसरते आणि कोणीतरी दुखावते. एक कल्पित कुटुंब ठरवा : नवरा-बायको, एक मुलगा पाचवीत, एक मुलगी नववीत, आणि सोबत सासू. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या घरात काय काय लागते ते क्रमाने बोलत जा. अंघोळीच्या साबणापासून रात्रीच्या मच्छरांच्या अगरबत्तीपर्यंत एकही वस्तू सुटत नाही. प्रत्येक वस्तू किती दिवस पुरते तेही लिहा, कारण कुकर, गादी, दप्तर, चपला यांचा खर्च महिन्याच्या वहीत कधीच दिसत नाही आणि तेच खर्च आले की घरे हप्त्यांत अडकतात.

यादीला दोन रकाने ठेवा, ही माझी खास विनंती आहे. पहिल्यात विकत घ्यायच्या वस्तू आणि दुसऱ्यात सार्वजनिक सेवेतून मिळायला हव्यात अशा : पाणी, शाळा, दवाखाना, बस, अंगणवाडी, घर. दुसऱ्या रकान्यातील जी गोष्ट आपल्या भागात मिळत नाही तिच्यापुढे, ती बाजारातून घ्यायची तर महिन्याला किती पडते ते लिहा. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी उभ्या राहिलेल्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबाच्या पहिल्या रकान्यातून भाडे निघून जाते, पण शहरात कामाला यायचे तर प्रवासाचा खर्च वाढतो. असे बदल दोन रकाने समोर असले की लगेच दिसतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचे ठरावीक उपचार येतात, सासूच्या रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या येत नाहीत, म्हणून गोळ्या पहिल्या रकान्यात आणि शस्त्रक्रिया दुसऱ्यात, असे ते लिहावे लागेल.

किमती त्याच आठवड्यात, जेथे तुम्ही खरोखर बाजार करता त्याच दुकानांतून आणि आठवडी बाजारातून घ्या, आणि कागदाच्या वर तारीख घाला. ज्या वस्तूवर एकमत झाले नाही ती खोडू नका. तिच्यापुढे दोन्ही बाजूंची कारणे लिहून ठेवा. बेरीज झाली की दुसऱ्या रकान्याची एक प्रत ग्रामसभेत किंवा तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे द्या आणि पोच घ्या. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच वस्तूंच्या किमती पुन्हा लिहा. आपली यादी आमच्याकडे पाठवलीत तर ती येथे प्रसिद्ध करण्यास आम्हाला आनंद वाटेल.